टर्बो-मोटारीची नाडी

थर्मामीटर प्रत्येक घरांत असतो. परंतु तो दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभेसाठीं कोणी टांगून ठेवीत नाहीं. एखादें मूल फणफणलें म्हणजे तो कपाटांतून बाहेर येतो, त्याचा आंकडा काय म्हणतो तें घरचीं चार माणसें पाहतात, आणि डॉक्टरांकडे आतांच जावयाचें कीं सकाळपर्यंत वाट पाहावयाची, याचा निर्णय होतो. मापकाचा उपयोग एवढाच व इतका मोठा आहे. ज्या आंकड्यानें आपला कोणताहि निर्णय बदलत नाहीं, तो आंकडा घरांत असून नसून सारखाच.

हें सुचण्याचें कारण असें कीं, गेल्या वर्षीं आमच्या पुतण्यानें एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्यापुढें एक यादी ठेविली. घरच्या टर्बो-पेट्रोल मोटारींत बसवावयाच्या मापकांची, म्हणजे बाजारांत ज्यांस 'गेज' म्हणतात त्यांची, ती यादी होती. आणि तींत एकूण सात नांवें होतीं. आमच्या थोरल्या बंधूंनीं चष्मा वर करून ती वाचली आणि चिरंजीवांस विचारलें, "मोटार चालवावयाची आहे कीं विमान?" पुतण्या कांहीं बोलला नाहीं. मात्र वहिनी हळूच म्हणाल्या, "कोंकणांतल्या घराचें छप्पर कशानें राहिलें, तें विसरलांत वाटतें?"

त्या एका वाक्यानें सर्वजण गप्प झाले. त्यापूर्वीं चार वर्षें आमच्याजवळ एक डिझेल मोटार होती. एका प्रवासांत टर्बोला तेल पुरविणारी नळी तडकली. डॅशबोर्डावरील तांबडा दिवा लागला तेव्हां आम्ही चढणीवर होतों. मागें ट्रकांची रांग होती. सुरक्षित जागा पाहून गाडी उभी करीपर्यंत जीं दोनतीन मिनिटें गेलीं, तेवढ्यांत टर्बोचा दांडा व इंजिनाचीं बेअरिंगें यांचा निकाल लागला. मूळ घराच्या छपरासाठीं सर्व भावांनीं मिळून जमविलेले पैसे त्या इंजिनांत गेले, आणि छपरावर आणखी दोन पावसाळे ताडपत्री राहिली. सबब या वेळीं ही यादी थट्टेवारी न नेतां विचारानें तपासावी असें ठरलें, व तें काम आमच्याकडे आलें. त्या चौकशींत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवतों. आतां अनेक घरीं टर्बोची मोटार आली आहे, आणि तरुण मंडळींच्या अशा याद्या इतर घरींहि निघत असतील.

प्रथम टर्बो म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. इंजिनांतून बाहेर पडणारा धूर तप्त व वेगवान असतो. साध्या मोटारींत ती शक्ति वायां जाते. टर्बोचार्जरमध्यें त्या धुराच्या झोतावर एक पंखाचक्र फिरतें, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास असलेलें चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबतें. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक. आणि इंधन अधिक, म्हणून लहान इंजिनांतूनहि मोठें बळ. या कल्पनेचें पेटंट स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं घेतलें. लहान मोटारींतील टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लक्षांच्या आसपास फेरे घेऊं शकतो, आणि बहुतेक मोटारींत तो तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत असतो. त्या थरावांचून त्याला दुसरा आधार नाहीं. तेल तुटलें कीं धातूवर धातू घांसलाच. आमचें छप्पर कां गेलें, याचा उलगडा एवढ्यांतच होतो.

प्रवासी मोटारींत टर्बो आला तो १९६२ सालीं, अमेरिकेंत. ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या त्या दोन गाड्या. पैकीं जेटफायरची हकीकत बोधप्रद आहे. तिच्या इंजिनांत अकालीं स्फोट होऊं नयेत म्हणून मिथेनॉल व शुद्ध पाणी यांचें मिश्रण एका टाकींतून शिंपडलें जाई. तें संपलें कीं यंत्र आपण होऊन शक्ति कमी करी. अनेक मालक टाकी भरावयास विसरत, आणि गाडी ओढत नाहीं म्हणून तक्रार करीत. १९६३ नंतर ती गाडी निघाली नाहीं. यंत्राची गरज मालकाच्या ध्यानांत राहिली नाहीं तर उत्तम यंत्रहि बदनाम होतें. पुढें १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोमध्यें हवेच्या दाबाचें मापक चालकासमोर आलें. साब ९०० टर्बोच्या मापकावर तर अंकच नव्हते, केवळ रंगीत पट्टे होते. चालकास आंकडा पाठ करावयाचा नसून कांटा आपल्या हद्दींत आहे कीं नाहीं एवढेंच जाणावयाचें असतें, हें त्या स्वीडिश कारखान्यास पुरतेंपणीं उमगलें होतें.

येथें वाचक विचारतील कीं, कारखान्यानें दिलेलीं मापकें पुरेशीं नाहींत काय? शांत चालविणाऱ्यास पुष्कळ अंशीं पुरतात. परंतु त्यांचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. पाण्याच्या उष्णतेचा कांटा आजच्या बहुतेक गाड्यांत मुद्दाम 'समजूतदार' केलेला असतो. पाणी ८० अंश असो कीं १०५, तो मध्यावरच उभा राहतो, कारण थोडासा हलणारा कांटा पाहून गिऱ्हाईक घाबरून तक्रार घेऊन येतें. तेलाचा दिवा तर त्याहून मुका. तो पेटविणारें बटन सामान्यतः अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहूनहि खालीं काम करतें. भरधाव इंजिनाला तीनचार बार दाब लागत असतां तो एका बारवर आला तरी दिवा विझलेलाच राहणार. दिवा म्हणजे मरणाची वार्ता देणारी तार. दुखण्याची वर्दी देणारें पत्र नव्हे.

आतां यादीकडे वळूं. आमच्या मतें पहिला मान तेलाच्या दाबाचा. जुन्या मेकॅनिकांचा एक ढोबळ आडाखा आहे कीं, इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांमागें तापलेल्या तेलाचा दाब सुमारें ०.७ बार, म्हणजे दहा पौंड असावा. परंतु नव्या कित्येक इंजिनांत तेलाचा पंप गरजेप्रमाणें दाब कमीजास्त करतो. म्हणून आडाख्यापेक्षां आपल्या गाडीचें पुस्तक व आपल्याच गाडीची रोजची संवय यांवर अधिक भिस्त ठेवावी. दुसरा मान तेलाच्या उष्णतेचा. पाणी लवकर तापतें, तेल सावकाश. पाण्याचा कांटा मध्यावर आला तरी तेल अजून थंड व घट्ट असूं शकतें, आणि तेवढ्यांत इंजिन पिटाळणें म्हणजे झोपेंतून उठलेल्या माणसास घाट चढावयास लावणें होय. ९० ते ११० अंश सेल्सिअस ही तेलाची सुखाची स्थिति. १३० च्या पलीकडे कांटा रेंगाळूं लागला तर वेग उतरवावा. हीं दोन मापकें जोडीनेंच वाचावयाचीं असतात, कारण तेल तापून पातळ झालें कीं दाब स्वभावतःच उतरतो. एक कांटा दुसऱ्याचा अर्थ सांगतो.

तिसरें मापक हवेच्या दाबाचें, म्हणजे बूस्टचें. तरुणांच्या यादींत हें पहिलें असतें, कारण पायाबरोबर त्याचा कांटा नाचतो. तें निव्वळ खेळणें आहे असें मात्र नाहीं. एखादी रबरी नळी फाटली कीं नेहमींचा दाब गाठला जात नाहीं; दाब सोडणारी झडप अडकली कीं तो मर्यादेबाहेर जातो. दोन्ही गोष्टी कांटा लगेच सांगतो. निवडतांना हें पाहावें कीं, पेट्रोल इंजिन मंद चालत असतां आंत निर्वात असतो, म्हणून तबकडीला शून्याच्या खालची बाजू हवी. डिझेलमध्यें तसा निर्वात बहुधा नसतो, तेथें ती बाजू व्यर्थ. तबकडीचा विस्तारहि बेताचा असावा. गाडीचा कमाल दाब एक बार असेल तर दीड ते दोन बारची तबकडी पुरे. चार बारच्या तबकडीवर महत्त्वाचा फरक केसाएवढा दिसतो.

या कांट्याची एक गंमत आम्हां घाटांत जाणाऱ्या लोकांनीं समजून घेण्याजोगी आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर वातावरणाचा दाब सुमारें १ बार असतो. सुमारें १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरीं तो ०.८६ च्या जवळ येतो. साधें मापक बाहेरच्या हवेशीं तुलना करून दाब सांगतें. इंजिनाचा संगणक मात्र बहुधा एकंदर दाब मोजतो. मुंबईस मापकावर ०.९ दिसत असतां एकंदर दाब १.९ असतो. तोच १.९ महाबळेश्वरीं राखावयाचा तर मापकावर १ च्या थोडें पुढें दिसेल. कांटा वर गेला म्हणून भिण्याचें कारण नाहीं. मात्र विरळ हवेंत तेवढें काम काढण्यासाठीं टर्बोला अधिक वेगानें फिरावें लागत आहे, हें ध्यानीं ठेवावें. ज्या विजेच्या मापकांत शून्य कारखान्यांतच पक्कें केलेलें असतें, त्यांचा कांटा डोंगरावर इंजिन बंद असतांहि शून्याखालीं दिसतो. तो बिघाड नव्हे.

चौथें मापक धुराच्या उष्णतेचें. दोन भिन्न धातूंचे सांधे वेगवेगळ्या उष्णतेवर असले कीं विद्युत् निर्माण होते, हा झेबेक यांनीं १८२१ सालीं पाहिलेला धर्म त्यांत उपयोगीं आणिलेला असतो. जड ओझें ओढणाऱ्या किंवा संगणकांत फेरफार केलेल्या डिझेल गाडीस याचा खरा उपयोग आहे. टर्बोच्या आधीं मोजलेली उष्णता सातशें अंशांच्या वर बराच वेळ राहूं लागली तर डिझेलच्या चालकानें पाय उचलावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. पेट्रोल इंजिनांत याहून दोनशें अंश अधिकहि नित्याचे असतात. एकाच आंकड्यानें दोघांचा न्याय करूं नये. टर्बोच्या पुढें मोजल्यास आंकडा बराच कमी येतो, म्हणून मोजण्याची जागा कोणती, तें आधीं विचारावें. शिवाय त्यासाठीं धुराच्या बिडाच्या नळकांड्यास भोंक पाडावें लागतें. तें नळकांडें उतरवूनच पाडावें; लोखंडाचा एक कीस टर्बोंत गेला तर मापक बसविण्याच्या दिवशींच मापकाचें काम संपतें.

पांचवें मापक हवा व इंधन यांच्या प्रमाणाचें. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनानें एका भागामागें १४.७ भाग हवा लागते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ती साडेतेराच्या सुमारास पुरते. आपल्या पंपांवर आतां असें मिश्रण मिळत असल्यानें जुना १४.७ चा आंकडा मनांत धरून बसणें फसवें होतें. त्यापेक्षां 'लॅम्डा' या परिमाणांत वाचावें. त्यांत इंधन कोणतेंहि असो, पूर्ण ज्वलनाचें प्रमाण म्हणजे १. टर्बो-पेट्रोल इंजिन पूर्ण जोरांत असतां इंधन जास्त, म्हणजे लॅम्डा एकाच्या खालीं ठेवून आंतील उष्णता आवरण्याची रीत आहे. ज्यानें संगणकांत बदल करून दाब वाढविला आहे त्यानें हें मापक सर्वांआधीं घ्यावें. ज्यानें कांहींच बदललें नाहीं, त्याला यांतून शिकण्यासारखें पुष्कळ आहे, पण करण्यासारखें कांहीं नाहीं.

उरलीं पाण्याची खरी उष्णता व बॅटरीचा दाब. या दोहोंसाठीं पैसे खर्च करण्यापूर्वीं स्टिअरिंगच्या खालीं गुडघ्यापाशीं असलेली सोळा टोंकांची खोबण पाहावी. भारतांत २०१३ पासून नव्या मोटारींत ओबीडी-दोन ही पद्धति आली. तिला लहानसें जोडयंत्र लावून मोबाईलवर पाण्याची उष्णता, आंत येणाऱ्या हवेची उष्णता, एकंदर दाब व विजेचा दाब वाचतां येतो. मात्र तेलाचा दाब तेथें बहुधा मिळत नाहीं, कारण मुळांत गाडींत मापक नसून केवळ दिव्याचें बटनच असतें. गाडी पुष्कळ दिवस उभी राहणार असेल तर जोडयंत्र काढून ठेवावें; तें बॅटरी हळूहळू पितें.

मापक कोणत्या जातीचें घ्यावें, हा पुढचा प्रश्न. वांकविलेली नळी आंतील दाबानें सरळ होऊं पाहते, या तत्त्वावर युजीन बूर्दों यांनीं १८४९ सालीं केलेलें मापक आजहि तसेंच चालतें. त्याला वीज लागत नाहीं. हवेच्या दाबास हें यांत्रिक मापक ठीक. परंतु तेलाच्या दाबास तें घेतल्यास तापलेल्या तेलाची नळी थेट बसण्याच्या जागेंत आणावी लागते, आणि ती फुटली तर चालकाच्या पायांवर कढत तेल येतें. कुटुंबाच्या गाडींत तेलासाठीं विजेचेंच मापक घ्यावें. तेल इंजिनापाशींच राहील, आंत फक्त तार येईल. तबकडी ५२ किंवा ६० मिलिमीटरची मिळते. चाळिशी लागलेल्या डोळ्यांस साठच बरी. अंकांपेक्षां कांटा एका दृष्टिक्षेपांत समजतो. सर्व तबकड्या अशा फिरवून बसवाव्या कीं ठीक असतां प्रत्येक कांटा सरळ उभा राहील. शर्यतीच्या गाड्यांत ही युक्ति फार दिवस चालत आली आहे. इशाऱ्याचा आवाज देणारें मापक मिळाल्यास तें अवश्य पत्करावें, कारण चालकाची नजर रस्त्यावर असावयास हवी.

बसविण्याविषयीं चार गोष्टी. तेलाचा सेन्सर जड असतो. तो पितळी जोडाच्या टोंकाला इंजिनावर लटकत ठेवला तर थरथरीनें जोडच मोडतो. त्याला लवचीक नळीनें दूर, पक्क्या जागीं बसवावें. एकतारी सेन्सरच्या आट्यांवर पांढरी टेप भरमसाट गुंडाळूं नये. त्याची परतीची वीज त्या आट्यांतूनच जाते, आणि मग कांटा खोटें बोलतो. तार लोखंडी पडद्यांतून आंत आणतांना रबरी कडें घालावें व तिला स्वतंत्र फ्यूज द्यावा. समोरच्या खांबावर तबकड्यांची माळ लावण्याची हौस असते. पण पडदा-एअरबॅग असलेल्या गाडींत अपघाताच्या क्षणीं ती माळ चेहऱ्यावर येऊं शकते. तेथें कांहींहि लावूं नये. आणि वॉरंटी चालू असेल तर तार तोडण्यापूर्वीं त्या अटी वाचाव्या.

हें सर्व घरांत वाचून दाखविल्यावर सातांची यादी दोनांवर आली. तेलाचा दाब व तेलाची उष्णता हीं विकत घ्यावींत, बाकीचें मोबाईलवर पाहावें, असा ठराव झाला. आमच्या पुतण्यानें आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. एका लहान वहींत त्यानें महिनाभर नोंदी ठेविल्या: तेल शंभर अंशांवर व इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर असतां दाब किती. उत्तर नेहमीं तीन बारच्या आसपास आलें. थोरले बंधू ती वही पाहून हसत, म्हणत, "पत्रिका मांडली आहे गाडीची."

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही आईस घेऊन वाईहून पसरणीच्या घाटानें पांचगणीस निघालों. आईचें वय ब्याऐंशी. चौथ्या-पांचव्या वळणावर पुतण्या एकाएकीं म्हणाला, "बाबा, अडीच हजारांवर दोनच्याहि खालीं आहे." वळण घेतांना कांटा एकापर्यंत उतरे व सरळ रस्त्यावर पुन्हां थोडा चढे. तांबडा दिवा विझलेला होता. आवाज नाहीं, धूर नाहीं. पाण्याचा कांटा मध्यावर निश्चल. चार वर्षांपूर्वीं असतों तर आम्ही खुशाल पुढें गेलों असतों. त्यानें पहिल्या रुंद जागेंत गाडी घेतली व इंजिन बंद केलें. थोरले बंधू एक शब्दहि न बोलतां उतरले आणि आईसाठीं झाडाखालीं सतरंजी पसरूं लागले.

गाडी ओढून खालीं नेली. तेलाची टाकी उतरविल्यावर कारण दिसलें. पंधरा दिवसांपूर्वीं कोंकणांतल्या कच्च्या वाटेवर एक दगड खालून लागला होता. त्यानें टाकीचा तळ वर दबून तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशीं आला होता, आणि एका बारीक चिरेंतून तेलहि झिरपत होतें. उरलेलें तेल वळणावर एका बाजूस गेलें कीं नळी हवा ओढीत होती. नवी टाकी, नवें तेल व फिल्टर एवढ्यावर भागलें. बेअरिंगें तपासलीं, तीं शाबूत होतीं.

मापकानें गाडी वांचविली असें आम्ही म्हणणार नाहीं. मापकानें केवळ सांगितलें. वांचविलें तें तीन बार हा आंकडा ठाऊक असलेल्या मुलानें, आणि घाटांत थांबण्यास कमीपणा न मानणाऱ्या त्याच्या मनानें. ज्यांस असलें मापक घ्यावयाचें असेल त्यांना आमचें सांगणें इतकेंच कीं, दुकानांत जाण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःस विचारावा: हा कांटा हलला तर मी काय करीन? उत्तर असेल तर खुशाल घ्यावें. नसेल तर ते पैसे टायरांत घालावे.

आतां प्रवासास निघतांना आमचे थोरले बंधू पुढच्या आसनावर बसतात. चष्मा वर करून ते प्रथम तेलाच्या कांट्याकडे पाहतात, आणि मगच म्हणतात, "हं, चला." वही अजून गाडींतच आहे, अलीकडील कांहीं नोंदी त्यांच्या अक्षरांत आहेत.